दारापाशी ठेवलेले चार गठ्ठे

आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा नसते तर मी जपानातल्या इचिकावात महिनाभरसुद्धा टिकले नसते. हे आधीच लिहून ठेवते. पुढे माझ्या हातून त्यांचं जे नुकसान झालं ते येणार आहे, आणि ते वाचलं की माणूस मलाच बोल लावत बसेल आणि आजोबा बाजूला राहतील. बोल लावा, पण ते नंतर.

आजोबांची एक सवय होती. रस्त्यात कुठलीही इमारत दिसली की थांबायचे, दोन्ही हात काठीवर, हातांवर हनुवटी, आणि विचारायचे, "सोनो माए वा?" म्हणजे, त्याच्या आधी? स्टेशनकडे जाताना कपडे धुण्याच्या यंत्रांचं दुकान लागतं. त्याच्या आधी काय होतं? सायकलवाला. त्याच्या आधी? नाशपातीची बाग. त्याच्या आधी? दुकानातल्या बाई हसून हात हलवायच्या, की तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते. आजोबांचं तेवढ्यावर भागायचं नाही. ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी गाठायचे.

मी पहिल्यांदा त्यांना आजोबा म्हटलं तेव्हा त्यांनी अर्थ विचारला. सांगितल्यावर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "माझ्या आधी हे काम कोणाकडे होतं?" म्हटलं, माझ्या वडिलांचे वडील, रामभाऊ. मग त्यांनी रामभाऊंची जमीन किती, कुठल्या मातीची, ओढा कुठून जातो, सगळं विचारून घेतलं.

आजोबा जपानी नव्हते. युरोपात मोराविया म्हणून मुलूख आहे, तिथल्या एका खेड्यातले. तरुणपणी त्यांच्या कारखान्याने त्यांना इकडच्या एका सभागृहात नळ्यांचा भला मोठा ऑर्गन बसवायला पाठवलं. ऑर्गन बसला, आणि तिथे दाराशी तिकिटं तपासणाऱ्या मुलीशी लग्न करून आजोबाही इथेच राहिले. मी आले तेव्हा त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दोन मजल्यांच्या जुन्या लाकडी इमारतीत वर ते, खाली आम्ही.

माझं सांगायचं तर मी नववीत शाळा सोडलेली. लग्न झालं, हे इकडे एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर लागले, मागून मी आले. इथल्या मराठी मंडळात बायका भेटायच्या, सगळ्या इंजिनियरांच्या, नाहीतर स्वतः इंजिनियर. तोयोसूच्या उंच इमारतींत राहणाऱ्या. "तुझं शिक्षण काय झालंय गं?" असं कुणी विचारलं की मी चहाचे कप गोळा करायला लागायची. ही माझी जुनी खोड. तिच्यावर पुढे सगळं येणार आहे.

पहिल्याच आठवड्यात मी कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी खाली ठेवली. संध्याकाळी बघते तर ती आमच्या दारात परत, वर लाल चिठ्ठी. काय लिहिलंय कळेना. कुणाला दाखवायचीही लाज. जिन्याखाली पिशवी घेऊन रडत बसले होते. आजोबा काठी टेकत उतरले. चिठ्ठी वाचली. मग कोट काढला, बाह्या वर केल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर बसून माझा कचरा उपसायला लागले. बाटलीचं झाकण वेगळं, वरचं वेष्टण वेगळं, बाटली धुऊन वेगळी. आमच्या घरातल्या कांद्याच्या साली एक परका म्हातारा निवडतोय बघून माझं रडं थांबलं.

तेव्हापासून जे काय शिकले ते त्यांच्याकडून. सरबताच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचायला त्यांनी शिकवलं. डबे भरायच्या कारखान्यात मला काम मिळालं, तिथला अर्ज त्यांनी भरला आणि पहिल्या दिवशी फाटकापर्यंत आले. शिक्षण या रकान्यात काय लिहायचं म्हणून मी घुटमळले, तर म्हणाले, "नऊ वर्षं लिहू. माझ्या आईची पाच होती." आम्ही दोघं जपानीच बोलायचो, तीही मोडकी. त्यांचं बोलणं इथे मी मराठीत घालून लिहिते आहे.

कागदांची बांधणीही त्यांनीच शिकवली. महिन्यातून एकदा पेपरवाल्याची गाडी रद्दी न्यायला येते. आदल्या संध्याकाळी वर्तमानपत्रं एकावर एक रचायची, कागदाच्याच पांढऱ्या दोरीने उभी-आडवी फुली बांधायची आणि सकाळी नऊच्या आत खाली ठेवायची. बदल्यात गठ्ठ्यामागे टॉयलेट पेपरचा एक रोल दारात ठेवून जातात. आजोबांची गाठ ऑर्गनच्या नळ्या बांधणाऱ्याची, ओढली तर सुटायची नाही. पुढे त्यांचे गुडघे धरले. मग ते गठ्ठे बांधून आत चपलांपाशी ठेवायचे आणि मी सकाळी जाऊन उचलून आणायची. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असायची. काही सांगावं लागत नसे.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मात्र जेवायला जागा नसे. सगळे कागद. ते आपल्या गावाचा इतिहास लिहीत होते, तीस वर्षं. दर दोन-तीन वर्षांनी तिकडे जायचे, कचेऱ्यांत बसून जुने दाखले हाताने उतरवून आणायचे. कुठलं शेत कोणाचं, त्याच्या आधी कोणाचं, असं एकेका तुकड्याचं. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. नक्कल करा म्हटलं तर म्हणायचे, पुरं झालं की करू. पुरं होत आलं होतं. नोव्हेंबरमध्ये त्यांची भाची येणार होती. तिच्या हाती कागद द्यायचे, म्हणजे ते गावातल्या शाळेत राहतील. गावात जुनं सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. आजोबांनी दुसरी कुठली इच्छा कधी बोलून दाखवली नाही.

मी आल्याचा चहा घेऊन वर जायची आणि ते मला गाव सांगायचे. गाव टेकडीच्या पोटाशी, खाली माशांचं तळं. पहिल्यांदा सगळी जमीन मठाची. मग लढाई झाली, जिंकलेल्या राजाने मठाकडून गाव काढलं आणि आपल्या एका सरदाराला बक्षीस दिलं. तो सरदार गावात एकदाही आला नाही. त्याच्या नातवाने तळं खणलं, म्हणून आजोबा त्याच्याविषयी जरा बरं बोलायचे. त्यांच्याकडून गाव एका साखर कारखानदाराने विकत घेतलं. मग राजाच गेला, नवं सरकार आलं, त्यांनी मोठी जमीन कापून लहान लहान तुकडे गावकऱ्यांना दिले. तेव्हा आजोबांच्या आजोबांना तळ्याकाठचं एक शेत मिळालं. पुढे मोठं युद्ध झालं. ते संपल्यावर गावातल्या जर्मन बोलणाऱ्या घरांना एकेक गाठोडं घेऊन निघायला सांगितलं. त्यांच्या घरांत दुसरीकडून लोक आणून बसवले. आजोबांची आई सांगायची, नवे लोक आले तेव्हा टेबलावर ताटं तशीच मांडलेली होती.

"वाईट कोण होतं यात?" मी एकदा विचारलं.

"ज्याने कुणी 'आता हे माझं' म्हटलं आणि आधीच्याचं नाव विचारलं नाही, तो."

मग त्यांनी माझ्या गावाचं विचारलं. मी सातबारा समजावून सांगितला. आमच्याकडे जमिनीचा एक उतारा असतो, त्यावर मालकाचं नाव, आणि मालक बदलला की जुन्या नावाला कंस करून बाजूला फेरफाराचा आकडा घालतात. आजोबा उठून उभेच राहिले. प्रत्येक शेताचा असा कागद? आणि जुनं नाव खोडत नाहीत, कंसात ठेवतात? मला तीनदा सांगायला लावलं. मग विचारलं, तुझं शेत आता कोणाच्या नावावर? म्हटलं, भावांच्या. वडील गेल्यावर आम्हा सगळ्यांची नावं लागली होती, माझंही. इकडे यायच्या आधी मी हक्कसोड करून दिली. बहिणी देतातच.

"किती दिवस होतं तुझं नाव?"

"आठ महिने."

त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि काहीतरी लिहिलं. मी काय ते विचारलं नाही. कागद त्यांच्या ढिगात गेला.

ऑक्टोबरात आजोबा जिन्यावरून पडले. मनगट मोडलं, डोक्याला मार, हॉस्पिटलात ठेवून घेतलं. मी रोज कारखान्यातून सुटले की जायची. झाडांना पाणी घाल, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला वर गेले तर आत चपलांपाशी चार गठ्ठे. पांढरी दोरी, उभी-आडवी फुली, त्यांची ती गाठ. आणि त्या दिवशी रद्दीचीच गाडी यायची होती.

मला काय आनंद झाला सांगू. एवढे पडलेत, झडलेत, पण कागद बांधून ठेवलेत. आपण वेळेवर पोहोचलो. माझी चप्पलसुद्धा धड पायात नव्हती. दोन गठ्ठे खाली नेले. तिसरा उचलला तेव्हा कडेने एक कागद डोकावत होता. हाताने लिहिलेला, निळ्या शाईचा. थोडं चित्रासारखं, शेताच्या बांधांच्या रेघा असतात तसं.

मी थांबले. हे नीट लिहायला हवं. मला शंका आली होती. गठ्ठा खाली ठेवून हॉस्पिटलात फोन करता आला असता. शेजारी कुणाला दाखवता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे मला हे वाचता येत नाही असं म्हणायचं, आणि ते म्हणायची वेळ आली की मी काम उरकायला लागते. कप गोळा करते. घड्याळात नऊला दहा मिनिटं होती. मी तो कागद बोटाने आत ढकलला आणि गठ्ठा खाली नेला. चौथाही नेला.

गाडी आली, गेली. दारात चार रोल. मी ते त्यांच्या संडासातल्या फळीवर नीट रचून ठेवले.

आजोबा आठवड्याने घरी आले. यांनी त्यांना धरून वर आणलं आणि मग हे कामावर गेले. मी मऊ खिचडी करून ठेवली होती. आजोबांनी एक बूट काढला आणि खाली बघत राहिले.

"इथले?"

"दिले की. चार रोल मिळाले." मी कौतुकाने सांगितलं.

ते तिथेच पायरीवर बसले, एक बूट पायात तसाच. मला वाटलं चक्कर आली. मग म्हणाले, एक रोल आण. मी आणला. डाव्या हातात धरून त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला, आणि विचारलं, "सोनो माए वा?"

मी हसले. म्हटलं, असतील कुणाचे तरी कागद.

"हो," ते म्हणाले. "कुणाचे तरी."

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, मी घाबरू नये अशा बेताने. भाचीसाठी बांधून ठेवले होते. बांधायची दोरी त्यांच्याकडे एकच. ठेवायची जागाही तीच. "माझी चूक," ते म्हणाले. "मीच तुला शिकवलं." यांनी दुपारी पेपरवाल्याला फोन केला. तो फोनवर पुन्हा पुन्हा माफी मागत होता, की रद्दी त्याच दिवशी कागदाच्या कारखान्यात गेली.

मी विचारलं, माझ्या गावाचा कागद?

"तोही त्यातच."

तीन दिवस मी वर गेले नाही. चौथ्या दिवशी छतावर काठी वाजली, दोनदा. म्हणजे चहा. मी कप घेऊन गेले, खाली मान घालून. टेबल रिकामं होतं. इतकं रिकामं टेबल मी त्या घरात पाहिलं नव्हतं. आजोबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये.

"वही आण," म्हणाले. "मी सांगतो, तू लिही."

मला जपानी लिहिता येत नाही, तुमची भाषा तर नाहीच, मी म्हटलं.

"तुला येतं त्यात लिही. नऊ वर्षं शिकलीस ना?"

तर मोरावियातल्या एका खेड्याचा इतिहास मी मराठीत लिहिला. मठ, सरदार, त्याचा नातू, साखर कारखानदार. नावं त्यांनी दहा दहा वेळा म्हणून दाखवली आणि मी कानाला येतील तशी उतरवली. पूर्वीच्या प्रत्येक मालकाला मी कंस करायची. आजोबांना ते फार आवडायचं. कंस काढलास का, विचारायचे. तीस वर्षांतलं त्यांना सगळं आठवत नव्हतं. मध्येच डोळे मिटून बसायचे, ओठ हलायचे, आणि मग म्हणायचे, पुढे जा. ते "पुढे जा" ऐकलं की मला कळायचं. तिथे एक शेत गेलं, एक माणूस गेला, आणि तो मी घालवला.

सगळ्यात शेवटी त्यांचं स्वतःचं शेत राहिलं, तळ्याकाठचं. त्याच्या बांधावर रानटी नाशपातीचं एक झाड होतं. आजोबा सात वर्षांचे असताना नवं सरकार म्हणालं, सगळी जमीन सगळ्यांची. वडिलांनी सही केली. ट्रॅक्टर आला आणि बांध नांगरून गेला. झाड आडवं येत होतं, ते कापलं. पुढे तेही सरकार गेलं, जमीन कागदावर परत मिळाली, पण बांधच नाहीत, तर कोणाचं कुठे कुणाला दाखवता येईना.

"मग?" मी पेन धरून बसले होते.

"मग मी तुझ्यासारखंच केलं. सही करून दिली. बहिणीला. इथून, पोस्टाने." बहिणीने ती विकली. कोणाला, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. जगभराला आधीचं विचारणारा माणूस, आपल्या शेताचं नंतरचं त्याला माहीत नव्हतं.

"आता कोणाचं आहे?"

"लिहू नकोस. जागा सोड," म्हणाले.

भाची नोव्हेंबरात आली. उंच, दमलेली, चांगली बाई. आजोबा तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होते. तिने कागदांचं विचारलं असणार, कारण ती रिकाम्या टेबलाकडे बघत होती. आजोबा दोन शब्द बोलले आणि डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर टकटक केली. ती एकदम मोठ्याने बोलायला लागली. मग रडली. ते ऐकून घेत बसले होते, फुलदाणी फोडलेल्या पोरासारखे.

मी कप धुवायला उठले. ती मागून स्वयंपाकघरात आली. फोनमध्ये काहीतरी बोलली आणि तो माझ्यापुढे धरला. फोनमधली बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "माझ्या मामाने सर्व कागद स्वतः फेकून दिले. तुम्हाला हे माहीत होते का?"

फोन माझ्या तोंडासमोर. नळ चालू होता. आतून आजोबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी अगदी थोडीशी मान डोलावली.

"हो," मी म्हटलं.

फोनने माझं ते "हो" तिला तिच्या भाषेत सांगितलं.

भाची त्यांना आपल्याबरोबर घेऊन गेली. जिना त्यांना आता जमणार नव्हता. सामान दोन बॅगा. निघताना त्यांनी त्या चारांतला एक रोल कपड्यांत ठेवायला लावला. भाचीला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. मला म्हणाले, "शाळेत ठेवतो. विचारलं कुणी तर सांगेन, यात गावाची चारशे वर्षं आहेत." मी हसले नाही तेव्हा तेच हसले. वही मी द्यायला लागले, तर घेतली नाही. तिकडे कोण वाचणार, म्हणाले, आणि पुरी कुठे झाली आहे. टॅक्सीच्या काचेतून त्यांनी आमच्या इमारतीकडे पाहिलं, हनुवटी काठीवर. ते काही विचारतील असं वाटलं. विचारलं नाही.

मार्चमध्ये भाचीचा निरोप आला. आजोबा गेले. सोबत एक फोटो, तळ्याचा, काठाला बर्फ. फोटोत पलीकडे मोठं सपाट शेत आहे. कोणाचं ते फोटोवरून कळत नाही.

वरच्या खोलीत आता एक तरुण जोडपं आलं आहे. परवा त्यातली मुलगी दारात पुठ्ठे बांधत होती, दोरी सारखी सुटत होती. मी जाऊन तिला फुली घालून दाखवली. आणि म्हटलं, घरात जपून ठेवायचं काही असेल तर ते या दोरीने बांधू नकोस. तिला काही कळलं नाही. तिने वाकून आभार मानले.

आजोबा, मी नागरी केंद्रातल्या जपानीच्या वर्गाला जायला लागले आहे, बुधवारी. कप गोळा करत नाही, अडलं की विचारते. तुमची वही एक एक पान जपानीत करते आहे, बाई लाल पेनाने तपासून देतात. ती पुरी झाली की मी तुमच्या गावाला येईन. केव्हा ते सांगता येत नाही, पण येईन. तळ्याकाठचं शेत आता कोणाचं आहे, ते गावात विचारीन आणि सोडलेल्या जागेत लिहीन. वही शाळेत ठेवीन, तुमच्या रोलशेजारी. पण त्याआधी भाचीला पहिलं पान वाचून दाखवीन, फोन न धरता, तिच्या भाषेत, पाठ करून. त्या पानावर एकच ओळ असेल: गठ्ठे मी खाली नेले.